तोफ दिसते, पोतं दिसत नाही : संरक्षणाच्या १०० रुपयांचा हिशोब

दौलताबाद : येत्या २६ जानेवारीला दिल्लीच्या कर्तव्यपथावर रणगाडे, क्षेपणास्त्रं आणि विमानं दिसतील. आपण सगळे ते मोबाईलवर बघू, स्टेटसला ठेवू. त्यानंतर सहाच दिवसांनी, १ फेब्रुवारी २०२६ ला, केंद्राचा अर्थसंकल्प येईल आणि संरक्षणाला किती लाख कोटी मिळाले याची पट्टी टीव्हीवर फिरेल. चालू वर्षाचा, म्हणजे २०२५-२६ चा आकडा आहे ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपये. आधीच्या वर्षापेक्षा साडेनऊ टक्क्यांनी जास्त.

आकडा वाढला की आपल्याला वाटतं, देश मजबूत झाला. पण पैसा वाढणं वेगळं आणि फौज लढायला तयार असणं वेगळं. ट्रॅक्टर दारात उभा आहे, पण डिझेलला पैसे नाहीत, पार्ट मिळत नाही आणि चालवणारा माणूस गावाला गेलाय, तर त्या ट्रॅक्टरनं नांगरट होत नाही. फौजेचंही तसंच आहे. आणि ही गोष्ट आपल्या दौलताबादच्या किल्ल्याइतकी स्पष्ट दुसरं कोणी सांगू शकत नाही.

किल्ला अजिंक्य, कोठार रिकामं

देवगिरीचा किल्ला बघा. चहूबाजूंनी तासलेला कडा, भोवती खंदक, आत शिरायला अंधारी. शिड्या लावून वर चढावं असा हा किल्लाच नाही. तरीही १२९६ मध्ये कडा-माणिकपूरहून, म्हणजे आजच्या प्रयागराजजवळून, अल्लाउद्दीन खिलजी काही हजार स्वार घेऊन इथे आला आणि रामदेवराव यादवांना खंडणी कबूल करावी लागली.

कसं झालं? मोठी फौज राजपुत्राबरोबर बाहेर होती. राजा उरलेल्या लोकांसह किल्ल्यावर गेला. घाईघाईत पोती वर चढवली गेली. फिरिश्त्याच्या बखरीत जी हकीकत आहे, ती आपल्या भागात आजही सांगतात: पोती उघडली, तर आत धान्य नव्हतं, मीठ होतं. त्यातच अल्लाउद्दीनने अफवा सोडली की आपण नुसते पुढे आलोय, मागून दिल्लीची मोठी फौज येतेय. किल्ला जागेवर होता, भिंतीला धक्का लागला नव्हता. कमी पडलं ते धान्य, माणूस आणि खरी बातमी.

पुढे १६३३ मध्येही तेच. मोगलांच्या महाबतखानाने वेढा घातला, बाहेरच्या तटांना सुरुंग लावले. आत धान्य संपलं, उपासमार सुरू झाली आणि मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याने किल्ला देऊन टाकला.

आज पर्यटक किल्ल्यावर जातात ते मेंढा तोफेजवळ फोटो काढायला. तोफ दिसते, तिचं नाव होतं, तिच्यावर लेख कोरला जातो. धान्याच्या पोत्याचा फोटो कोणी काढत नाही. संरक्षण खर्चाच्या चर्चेतही नेमकं हेच होतं.

१०० रुपये कुठे जातात?

६ लाख ८१ हजार कोटी म्हणजे दिवसाला साधारण १,८६६ कोटी. १४० कोटी लोकांत वाटलं तर माणशी वर्षाला जवळपास ४,९०० रुपये, पाच जणांच्या घराला २४ हजारांच्या पुढे. आपण इन्कमटॅक्स भरत नसलो तरी डिझेल, साबण, मोबाईल रिचार्ज यांच्यावरच्या करातून त्यात आपलाही वाटा आहे. त्यामुळं हिशोब विचारायचा हक्क आहे.

हे सगळे पैसे १०० रुपये धरले, तर २०२५-२६ ची वाटणी अशी:

• नवीन खरेदी आणि बांधकाम (विमानं, जहाजं, तोफा, सीमेवरची कामं): २६ रुपये

• पेन्शन: सुमारे २४ रुपये

• चालू खर्च (पगार, इंधन, दारूगोळा, दुरुस्ती, रेशन): सुमारे ४६ रुपये

• संरक्षण खात्याच्या इतर नागरी संस्था: ४ रुपये

आता त्या ४६ रुपयांत डोकावून बघा. पगार-भत्ते वगळले की फौज रोजच्या रोज चालती ठेवायला, म्हणजे दारूगोळा, इंधन, सुटे भाग, दुरुस्ती यासाठी उरतात १ लाख १४ हजार कोटी. १०० मधले जेमतेम १७ रुपये. हीच आपली पोती. नवीन विमान विकत घेतल्याची बातमी होते, त्या विमानाच्या सुट्या भागांची होत नाही. पण लढाईच्या दहाव्या दिवशी प्रश्न या १७ रुपयांचाच असतो.

दहा दिवस की चाळीस दिवस?

हे नुसतं तर्कावर बोलत नाही. सरकारचा हिशोब तपासणाऱ्या कॅगनेच ते लिहून ठेवलंय. जोरदार युद्ध झालं तर ४० दिवस पुरेल इतका दारूगोळा लष्कराकडे असावा, असं ठरलेलं प्रमाण होतं. २०१७ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात कॅगने सांगितलं की सप्टेंबर २०१६ मध्ये तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकार, म्हणजे ४० टक्के, दहा दिवसही पुरणार नव्हते. ४० दिवसांचं प्रमाण पूर्ण करणारे प्रकार होते फक्त ३१. त्याआधी २०१५ च्या अहवालातही असंच चित्र होतं.

त्याच्याही मागे गेलो, तर १९९९ चं कारगिल. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल व्ही. पी. मलिक यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की जे आपल्याकडे आहे त्याच्यावर आपण लढू. बोलणं शूराचं होतं, पण त्यामागे टंचाई होती. बोफोर्स तोफा डोंगरावर आग ओकत होत्या आणि तोफगोळे परदेशातून घाईने आणायची वेळ आली होती. तहान लागल्यावर विहीर खणायची, हा तो प्रकार. आणि अशा वेळी विहीर खणणारा भाव लावतो तो आपल्याला मुकाट्याने द्यावा लागतो.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. युरोपातले श्रीमंत देश बघा. मार्च २०२३ मध्ये त्यांनी युक्रेनला वर्षभरात १० लाख तोफगोळे द्यायचं कबूल केलं. वर्ष संपलं तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते. पैसा होता, पण कारखान्यांची ताकदच कमी पडली. तोफगोळा पैसे दिले म्हणून दुसऱ्या दिवशी तयार होत नाही. कवच, स्फोटक, फ्यूज, सगळं वेगवेगळ्या ठिकाणी बनतं आणि एक अडलं की सगळं अडतं.

आपल्याकडे काहीच सुधारलं नाही असं मात्र नाही. २०१६ च्या उरी हल्ल्यानंतर दारूगोळा तातडीने घ्यायचे अधिकार लष्कराला वाढवून मिळाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाका रॉकेटच्या दारूगोळ्यासाठी १० हजार १४७ कोटींचे करार झाले. ते परदेशी कंपन्यांशी नाहीत, तर नागपूरच्या सोलर समूहातली कंपनी आणि पुण्यात मुख्यालय असलेली सरकारी म्युनिशन्स इंडिया यांच्याशी झाले. ऑपरेशन सिंदूरनंतर जून २०२५ मध्ये ड्रोन, ड्रोनविरोधी यंत्रणा वगैरेंसाठी सुमारे १,९८२ कोटींचे तातडीचे करार जाहीर झाले. दिशा बरी आहे. पण ‘तातडीची खरेदी’ हा शब्दच सांगतो की नेहमीची खरेदी वेळेत होत नाही.

दारूगोळा बनतो तिथली माणसं

तोफेचा गोळा म्हटलं की आपल्याला सीमा आठवते. पण तो बनतो आपल्याच महाराष्ट्रात. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भंडारा, भद्रावती, अशी आयुध निर्माणी कारखान्यांची रांगच राज्यात आहे. वरणगाव आणि भुसावळ तर आपल्या अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे.

या कामाची किंमत फक्त रुपयांत नाही. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या जवाहरनगर कारखान्यात स्फोट झाला, आठ कामगार गेले. ३१ मे २०१६ च्या रात्री वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराला आग लागली, दोन अधिकाऱ्यांसह किमान १६ जण गेले. सदोष सुरुंगांतून स्फोटक झिरपत होतं, हे त्या आगीमागचं कारण पुढे आलं. त्याच पुलगावला नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा नष्ट करताना सहा जण मेले, त्यात मजूरही होते.

हे सगळे युद्धात मेले नाहीत. शांततेच्या काळात, ड्युटीवर मेले. कारखान्याची सुरक्षितता, जुन्या मालाची वेळेवर विल्हेवाट, मालाची तपासणी, हा सगळा खर्च ‘तयारी’तच मोडतो. तो वाचवला की बिल कामगाराच्या घरी जातं.

करार वेळेवर होतो, विमान येत नाही

दुसरी अडचण वेळेची. फेब्रुवारी २०२१ मध्ये हवाई दलासाठी ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा सुमारे ४८ हजार कोटींचा करार एचएएलशी झाला. मार्च २०२४ पासून विमानं मिळायला सुरुवात व्हायची होती. ते वेळापत्रक पाळलं गेलं नाही. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून इंजिनं उशिरा येऊ लागली, हे एक मोठं कारण. नाशिकजवळच्या ओझरला एचएएलची नवी तेजस जोडणी सुरू झाली आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथून पहिलं विमान उडालं. आनंदाची गोष्ट. पण त्याच्या तीन आठवडे आधी, २६ सप्टेंबरला, मिग-२१ निवृत्त झालं होतं आणि हवाई दलाच्या लढाऊ तुकड्या २९ वर आल्या होत्या. मंजूर संख्या ४२ आहे.

हे कोणी विरोधक बोलत नाहीत. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी मे २०२५ मध्ये दिल्लीत उद्योगपतींसमोरच खंत बोलून दाखवली की वेळेत पूर्ण झालेला एकही प्रकल्प आपल्याला आठवत नाही आणि जे जमणार नाही ते कबूल तरी का करायचं. म्हणजे तिजोरीतून पैसा निघाला हे खरं, पण धावपट्टीवर विमान आलं का, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

माणूस हीच मोठी तयारी

आता आपल्या गावाचा विषय. पहाटे रस्त्याने धावणारी पोरं प्रत्येक गावात दिसतात. संभाजीनगरला १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, तिथून एनडीएत गेलेले अधिकारी आहेत. पण बहुतेकांचं स्वप्न शिपाईपदाचं. जून २०२२ पासून ते स्वप्न ‘अग्निवीर’ झालंय. चार वर्षांची नोकरी, सुरुवातीला महिना ३० हजार, शेवटी सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकीचे पेन्शनशिवाय घरी.

सरकारचं म्हणणं असं की फौज तरुण राहील. टीका करणाऱ्यांचं म्हणणं असं की पेन्शनचे ते २४ रुपये वाचवायला हे केलं, आणि चार वर्षांत माणूस नीट तयार होतो न होतो तोच तो घरी पाठवायचा. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पेन्शनचं बिल खरंच मोठं आहे, १ लाख ६० हजार कोटींचं. पण ती खैरात नाही, तिशी-पस्तिशीत फौजेतून बाहेर आलेल्या माणसाच्या पुढच्या आयुष्याची ती सोय आहे. आणि रेडिओ, रडार, तोफ सांभाळणारा अनुभवी माणूस ही अशी वस्तू आहे, जी तातडीच्या खरेदीत मिळत नाही.

पहिल्या तुकड्यांची चार वर्षं या वर्षाच्या अखेरपासून पूर्ण होऊ लागतील. किती पोरं राहिली, किती परत आली, आलेल्यांना पोलिसांत, निमलष्करी दलांत, कंपन्यांत खरोखर किती जागा मिळाल्या, हे तेव्हा आकड्यात दिसेल. कबूल केलेलं आरक्षण आणि हातात पडलेली ऑर्डर यांतलं अंतर आपल्या पोरांना चांगलं ठाऊक आहे.

कॉरिडॉरची मागणी आणि आपला जिल्हा

मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्याकडे राज्यात तीन संरक्षण कॉरिडॉर मागितले. त्यातला एक पुणे, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर असा. असे कॉरिडॉर उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूला २०१८ मध्येच जाहीर झाले होते. आपल्याकडे वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करणारे कारखाने आहेत, शेंद्रा-बिडकीनला जागा आहे. देशातलं संरक्षण उत्पादन २०२४-२५ मध्ये दीड लाख कोटींच्या वर गेलं, निर्यात २३ हजार ६२२ कोटींवर. २०२५-२६ च्या आधुनिकीकरणाच्या पैशातला ७५ टक्के भाग देशातल्या उद्योगांसाठी राखलाय. म्हणजे संधी खरी आहे.

पण मागणी म्हणजे मंजुरी नाही, आणि मंजुरी म्हणजे नोकरी नाही. संरक्षणाचं काम गाडीच्या बोल्टसारखं नसतं. तपासणी कडक असते, नमुना मंजूर व्हायला वेळ लागतो, ऑर्डर एकदा आली तर पुढची कधी येईल सांगता येत नाही. छोट्या वर्कशॉपवाल्याने कर्ज काढून मशीन घ्यायची आणि दोन वर्षं वाट बघायची, हे त्याला परवडत नाही. त्यामुळं आपल्या पुढाऱ्यांना ‘कॉरिडॉर कधी?’ एवढंच विचारून चालणार नाही. किती वर्षांची हमी असलेली ऑर्डर, पैसे किती दिवसांत आणि आयटीआयच्या किती पोरांना त्या कामाचं प्रशिक्षण, हे विचारावं लागेल. जमीन द्यायची वेळ आली, तर हे प्रश्न आधी, सही नंतर.

आणि गावाची तयारी?

पहलगामच्या हल्ल्यानंतर ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल जाहीर झाली. महाराष्ट्रातल्या १६ ठिकाणांच्या यादीत आपल्या जिल्ह्याचंही नाव होतं. त्याच पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं आणि १० मे ला गोळीबार थांबला. त्यानंतर आपण सायरन विसरून गेलो.

पण त्या चार दिवसांत गावागावांत काय झालं ते आठवा. व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरला की एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार. केंद्राच्या पीआयबीला तो खोटा आहे असं सांगावं लागलं. व्हिडिओ गेममधली दृश्यं लढाई म्हणून फिरली. ‘मागून मोठी फौज येतेय’ ही अल्लाउद्दीनची अफवा घोड्यावरून पसरली होती, आता ती एका बोटाने पसरते. अफवा न पाठवणं हीसुद्धा तयारीच आहे आणि तिला एक रुपया लागत नाही.

बाकीची तयारी ग्रामपंचायतीच्या हातातली आहे. सूचना द्यायचा भोंगा चालतो का? प्राथमिक आरोग्य केंद्रात साप चावल्यावरची लस, सलाईन, अॅम्ब्युलन्सचं डिझेल आहे का? गावातल्या माजी सैनिकांची यादी कोणाकडे आहे? आग लागली, पूर आला, बस उलटली, तरी लागणारी यंत्रणा हीच. युद्धासाठी म्हणून वेगळं काही करायचं नाही, रोजचं आहे ते चालू ठेवायचं.

१ फेब्रुवारीला काय बघायचं

अर्थसंकल्प येईल तेव्हा मोठा आकडा सगळे सांगतील. आपण चार गोष्टी बघायच्या.

१. दारूगोळा, सुटे भाग, दुरुस्ती यांचे १७ रुपये वाढले की तेवढेच राहिले? नवीन खरेदी वाढली आणि हे कमी झालं, तर ट्रॅक्टर वाढले आणि डिझेल घटलं असं समजा.

२. मागच्या वर्षी नवीन खरेदीला दिलेला पैसा वर्षभरात खर्च झाला की परत गेला? सुधारित अंदाजात ते दिसतं.

३. करार झालेल्या वस्तूंपैकी प्रत्यक्ष किती मिळाल्या? करार किती कोटींचा हे नव्हे, ओझरहून विमानं किती बाहेर पडली हे.

४. चार वर्षं पूर्ण करणाऱ्या अग्निवीरांसाठी नुसती घोषणा की जागा आणि पैसे?

हे प्रश्न विचारणं म्हणजे फौजेवर शंका घेणं नव्हे. सीमेवर उभ्या असलेल्या आपल्याच गावच्या पोराच्या हातात बंदूक आहे, पण तिच्यात पुरेशी काडतुसं आहेत का, हे विचारणं आहे. तो स्वतः विचारू शकत नाही, शिस्तीत बसत नाही. म्हणून खासदार गावात आले की ते आपण विचारायचं. रामदेवरावांच्या वेळी पोती वर चढवण्याआधी कोणीतरी एक पोतं सोडून बघायला हवं होतं. एवढंच काम आहे.